चार ध्येयं आणि एकच संध्याकाळ : दहा वर्षांचा आराखडा कुठून सुरू करायचा?

तुमचा प्रश्न वाचला. वय २८, मेकॅनिकल डिप्लोमा, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीला, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागात, सहा वर्षं, हातात येणारा पगार ३२ हजार. करवीर तालुक्यातल्या गावात दोन एकर ऊस, शेती वडील बघतात. मनात चार गोष्टी आहेत : पुण्याला मोठ्या कंपनीत जायचं, स्वतःचं छोटं मशीन शॉप (धातूचे भाग मशीनवर मापात कापून देणारी कार्यशाळा) काढायचं, मित्र परीक्षा देतायत म्हणून एमपीएससीचाही विचार, आणि गावातलं जुनं घर पाडून नवीन बांधायचं. त्यातच घरचे म्हणतायत, यंदा लग्नाचं कार्य उरकून टाकू. पुण्याच्या एका कंपनीकडून सप्लायर क्वालिटीच्या (माल पुरवणाऱ्यांचा दर्जा तपासायच्या) जागेसाठी मुलाखतीचा फोनही आलाय. आणि तुम्ही विचारलंय की दहा वर्षांचं नियोजन नक्की करतात कसं, ध्येय एकच धरायचं की सगळी.

मी कोल्हापुरातच फौंड्री आणि मशीन शॉपच्या उत्पादन विभागात उमेदीची वर्षं काढली. आता आयटीआय आणि डिप्लोमा झालेली मुलं पुढचं ठरवायला माझ्याकडे येतात. जवळजवळ प्रत्येकाकडे अशी यादी असते आणि यादीतली एकही गोष्ट चुकीची नसते. अडचण अशी की चारही गोष्टी तुमच्या त्याच संध्याकाळी आणि त्याच बचतीतून मागतायत. सोमवारी तुम्ही एमपीएससीचं पुस्तक उघडता, बुधवारी कोणीतरी सेकंडहँड मशीन बघायला नेतं, रविवारी घरात बांधकामाचा विषय निघतो. वर्षअखेर चारही जागच्या जागी. तेव्हा तुमचा खरा प्रश्न क्रम लावण्याचा आहे. आधी काय, नंतर काय, आणि काय मनापासून सोडून द्यायचं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच बोलतो. तुमच्यावर किंवा वडिलांवर कर्ज किती आहे, आई-वडिलांची तब्येत कशी आहे, पाठीमागे बहिणीचं लग्न किंवा भावाचं शिक्षण आहे का, तुम्ही कोणत्या प्रवर्गात येता, यांतलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. या उत्तरांनी वर्षं पुढे-मागे होतील. विचार करायची पद्धत मात्र तीच राहील, म्हणून ती सांगतो.

पहिली गोष्ट, तुमचाच प्रश्न पुन्हा एकदा वाचून बघा. एमपीएससीवर तुम्ही एक ओळ लिहिलीय आणि त्या ओळीतही मित्र आहेत. घरावर दोन ओळी. मशीन शॉपवर मात्र अख्खा परिच्छेद आहे : कुठली मशीन, कुठल्या जातीचा जॉब, गोकुळ शिरगावला गाळा मिळेल की उद्यमनगरात. कोणी न विचारता माणूस ज्या गोष्टीचा इतका तपशील सांगतो, तिकडे त्याचं मन आधीच गेलेलं असतं. माणसाचा कल ओळखायला मला कुठल्याही चाचणीपेक्षा ही खूण जास्त भरवशाची वाटते.

एमपीएससीचं गणित सरळ आहे. राज्यसेवेला पदवी लागते, डिप्लोमा चालत नाही. तुम्ही आज यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवीला प्रवेश घेतलात तरी तीन वर्षं जातील. शेवटच्या वर्षाला पूर्व परीक्षा देता येते असं धरलं, तरी पहिला खरा प्रयत्न तिशी ओलांडताना होईल. खुल्या प्रवर्गाला कमाल वय ३८ आहे, म्हणजे दार बंद नाही. पण ती परीक्षा संध्याकाळच्या उरलेल्या वेळात निघत नाही, आणि जाहिरातीपासून नेमणुकीपर्यंतचा काळ उमेदवाराच्या हातात नसतो. तहसील कार्यालयातलं काम, महसुलाचे दाखले, निवडणुकीची ड्युटी, अतिक्रमणाच्या तक्रारी, हे रोजचं काम म्हणून तुम्हाला हवंय का? हवं असेल तर बाकी तिन्ही बाजूला ठेवून उतरा. फक्त सरकारी नोकरीची स्थिरता हवी असेल, तर डिप्लोमावर रेल्वे आणि स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या भरत्या निघतात. त्यांच्या जाहिरातीतली वयोमर्यादा आधी तपासा, कारण ती तुमच्या फार लांब नाही. तुमचा मजकूर वाचून माझं मत असं की एमपीएससी यादीतून काढावी आणि मित्रांना तसं स्पष्ट सांगावं. अर्धवट धरून ठेवलेलं ध्येय दर आठवड्याला चार-पाच तास खातं.

आता मशीन शॉप. यावर सविस्तर लिहितो, कारण बाकीचं सगळं यातूनच ठरणार आहे.

तुम्ही मालकाचा दिवस जवळून बघितलाय का? तुमच्या डोक्यात मशीनसमोर उभा असलेला माणूस आहे. प्रत्यक्षात एका व्हीएमसीचा (संगणकावर चालणाऱ्या कटाईच्या मशीनचा) मालक सकाळी नऊला फोनवर असतो : काल पाठवलेल्या मालात चार नग बोअर ओव्हरसाइज (भोक मापापेक्षा मोठं) निघालेत, येऊन सॉर्टिंग करून द्या. दहाला कळतं की सेकंड शिफ्टचा ऑपरेटर पाहुण्याच्या लग्नाला गेलाय. दुपारी टेम्पो, डिलिव्हरी चलन, जीएसटी. संध्याकाळी पार्टीच्या, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीच्या, अकाउंट्समध्ये जाऊन बसायचं, कारण मागच्या महिन्याचं पेमेंट अजून सुटलेलं नाही. मशीनवर हात लागला तर रात्री आठनंतर. यात रमणारी माणसं मी खूप बघितलीत, आणि उत्तम सेटर (मशीनवर काम बसवून देणारे) असूनही या दिवसाला कंटाळून परत नोकरीला गेलेलीही. म्हणून ओळखीच्या दोन-तीन मालकांकडे सुट्टी काढून पूर्ण दिवस बसा. फक्त बसा आणि बघा. ध्येय खरोखर हवंय का, हे त्याच्या एका साध्या, धावपळीच्या दिवसातून कळतं.

मग कागद घ्या. मी मुलांना जे गणित मांडायला लावतो ते इथे उदाहरणादाखल मांडतो. तुमच्या भागातले दर विचारून आकडे बदला. नवी व्हीएमसी, फिक्स्चर (मशीनवर भाग पकडून धरणारी जोडणी), टूलिंग (कापायची हत्यारं), वीजजोडणी मिळून ३० लाख धरू. ८ लाख आपले, २२ लाख बँकेचे. ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी हप्ता जवळपास ४८ हजार बसतो. दोन ऑपरेटरचे ३६ हजार, वीज १५, टूल आणि इन्सर्ट (टूलची बदलायची पाती) १२, गाळ्याचं भाडं १२. झाले ७५ हजार. हप्ता धरून १ लाख २३ हजार, आणि यात तुमच्या घरासाठी एक रुपया नाही. घरखर्चाला ३५ हजार धरले तर महिन्याला १ लाख ५८ हजार मिळवायला हवेत.

मशीनचा अवर रेट, म्हणजे तासाचा दर, ४०० रुपये मिळाला तर त्यासाठी ३९५ तास स्पिंडल (मशीनचा फिरता दांडा) फिरायला पाहिजे. महिन्याचे २५ दिवस धरले तर रोज जवळपास १६ तास. दोन शिफ्टमध्ये सेटिंग, जॉब बदलणं, वीज जाणं, ऑपरेटर न येणं हे सगळं धरून १६ तास खरी चिप पडत नाही, म्हणजे प्रत्यक्ष कटाई होत नाही. बारा-तेरा तास पडले तर ते शॉप चांगलं चाललंय म्हणायचं. तेच रेट ५०० मिळाला तर ३१६ तास लागतात, म्हणजे रोज साडेबारा. हे जमतं.

आता इथे थांबून बघा. मशीन घेता येईल की नाही, यापेक्षा मोठा प्रश्न समोर आला : पहिल्याच वर्षी तुम्हाला ४०० ऐवजी ५०० रुपये कोण आणि का देईल? साधं फेसिंग-ड्रिलिंग (पृष्ठभाग सपाट करणं, भोकं पाडणं) करणारे शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत भरपूर आहेत. जास्त रेट त्याला मिळतो, ज्याच्याकडे अवघड टॉलरन्सचा (मापात फार कमी फरक चालतो असा) जॉब बसवायची अक्कल असते, स्वतःचं फिक्स्चर डिझाइन करता येतं, आणि पहिल्या सॅम्पलपासून कागदपत्रं व्यवस्थित देता येतात. तुमच्याकडे यातला तिसरा भाग आजच आहे. क्वालिटीत सहा वर्षं काढलेला माणूस पीपॅपची फाइल (नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं), कंट्रोल प्लॅन, गेज कॅलिब्रेशन (मोजायच्या साधनांची तपासणी) हे झोपेत करतो. मशीन शॉप काढणारे बहुतेक जण ऑपरेटर किंवा सेटरमधून येतात आणि नेमके इथे अडतात. म्हणजे तुम्हाला शिकायचं राहिलंय ते फिक्स्चर, सायकल टाइमचा (एका नगाला लागणाऱ्या वेळेचा) अंदाज आणि कोटेशन. पुढच्या दोन वर्षांचं ध्येय हे झालं. दहा वर्षांनंतरच्या चित्रातून मागे येत येत आपण थेट पुढच्या सोमवारच्या कामापर्यंत आलो. नियोजन म्हणजे माझ्या मते एवढंच असतं, आणि ते आकडे मांडल्याशिवाय होत नाही.

आणखी एक आकडा बघा. जॉबवर्कचं (दुसऱ्याच्या मालावर काम करून दिल्याचं) पेमेंट साधारण दोन-अडीच महिन्यांनी हातात येतं. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा आहे, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही अशी तरतूद आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर घेणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. उद्यम नोंदणी (अशा उद्योगाची सरकारकडची नोंद) मोफत आहे, ती पहिल्या दिवशीच करा. तरीही नवा जॉबवर्कवाला मोठ्या पार्टीला कायदा सांगत बसू शकत नाही. म्हणून तीन महिन्यांचा खर्च आणि हप्ते मिळून पावणेचार लाख खेळतं भांडवल वेगळं लागतं. ८ लाख अधिक हे पावणेचार, म्हणजे तुमचा बचतीचा आकडा १२ लाखांच्या आसपास. मशीन शॉप बंद पडताना मी पाहिलंय ते बहुतेक वेळा काम नाही म्हणून नव्हे, तर काम भरपूर असताना पैसे अडकून.

अनुदानाबद्दल तुम्ही विचारलंय. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. खुल्या प्रवर्गाला शहरी भागात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के, विशेष प्रवर्गांना अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के अनुदान अशी रचना आहे. ती रक्कम हातात मिळत नाही; बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळती होते. त्यामुळे अनुदान गृहीत धरून स्वतःचे पैसे कमी आणले तर पहिल्याच वर्षी ओढाताण होते. अटी बदलत असतात, तेव्हा जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन ताज्या अटी विचारा. माझा सल्ला, आधी वरचं गणित अनुदानाशिवाय बसवा. बसलं की मग अनुदान घ्या.

मशीन घेण्याआधीचा एक टप्पा फार उपयोगी पडतो आणि तो बरेच जण गाळतात. बऱ्याच शॉपमध्ये व्हीएमसीचे तास रिकामे असतात. काम तुम्ही आणायचं, फिक्स्चर तुमचं, इन्स्पेक्शन तुमचं, आणि मशीनचे तास दुसऱ्याकडून विकत घ्यायचे. मार्जिन कमी राहतं, पण पार्टी तुमच्या नावावर तयार होते. दोन पार्ट्या सहा महिने सलग काम देत असतील, तेव्हा स्वतःच्या मशीनचा विचार करा. मात्र सध्याच्या कंपनीत असताना तिच्या ग्राहकाचं किंवा तिच्या व्हेंडरचं (पुरवठादाराचं) काम बाजूने घेऊ नका. नेमणूकपत्रात त्यावर बंदी असते, आणि ते सोडलं तरी कोल्हापूरचा फौंड्रीचा धंदा एकमेकांना ओळखणाऱ्यांचा आहे. इथे नाव खराब झालं की पुढची वीस वर्षं ते पुसत बसावं लागतं. हा टप्पा राजीनाम्यानंतरचा आहे. नोकरीत असेपर्यंत फक्त शिकायचं.

आता पुण्याचा फोन या चौकटीत ठेवून बघा. तुम्ही लिहिलंय की तिकडे ४५ हजार मिळतील. चाकण किंवा भोसरीला खोली, मेस, महिन्यातून दोन वेळा गावाकडे येणं-जाणं धरलं तर घरी राहून मिळणाऱ्या ३२ हजारांपेक्षा हातात फार जास्त उरत नाही. नुसत्या पगारासाठी मी जा म्हणणार नाही. पण सप्लायर क्वालिटीचा माणूस रोज वेगवेगळ्या व्हेंडरच्या शॉपमध्ये उभा असतो. कोणाची मशीन का रिकामी आहे, कोणी सायकल टाइम कसा कमी केला, ग्राहक रेट कसा तोडतो, कुठला व्हेंडर कशामुळे बाहेर पडला, हे सगळं त्याला पगार घेऊन बघायला मिळतं. तुमच्या कामासाठी यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. तेव्हा पुणे हे तुमचं ध्येय नव्हे, तीन-चार वर्षांचा टप्पा. जाताना परत यायचं वर्ष लिहून जा. नाहीतर तिकडे फ्लॅटचा हप्ता सुरू होतो आणि मशीन शॉप गप्पांत उरतं.

नोकरी आणि मोठं ध्येय एकत्र चालतं का, असंही तुम्ही विचारलंय. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१५ मध्ये मध्य रेल्वेत नोकरीला लागला, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्यपदक घेतलं. मधल्या टोकियो ऑलिंपिकच्या संघात तो नव्हता. पदक मिळालं तेव्हा आपण मिरवणुका बघितल्या, पण मला त्यातली रेल्वेची नोकरी महत्त्वाची वाटते. तिने त्याला वर्षानुवर्षं एकाच गोष्टीवर टिकून राहायला आधार दिला. तुमच्या नोकरीकडे तसं बघा. ती सोडायची घाई नको, आणि तिच्यात नुसते दिवस ढकलायचेही नाहीत.

वेळेचं सांगतो. फर्स्ट शिफ्ट करून गावाकडे पोचायला पाच वाजतात, मग जनावरं, शेतातलं एखादं काम, जेवण. आठवड्याला खरोखर आपले म्हणता येतील असे दहा-बारा तास निघतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलाला मी आधी आठवडाभर नुसती वेळेची नोंद ठेवायला सांगतो, काहीही न बदलता. एका सेटर मुलाची वही अजून आठवते : त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं की रात्री नऊ ते अकरा कट्ट्यावर, आणि त्यातले निम्मे तास दुसऱ्याच्या भांडणाबद्दल बोलण्यात. त्याने कट्टा बंद केला नाही, फक्त आठवड्याच्या तीन रात्री काढून घेतल्या. त्या तीन रात्रींत तो सॉलिड मॉडेलिंग (संगणकावर भागाचं त्रिमितीय चित्र काढणं) शिकला, आणि त्याच्या पुढच्या पगारवाढीमागे तेच होतं. तुम्हीही तीन ठरलेल्या रात्री आणि सुट्टीची एक सकाळ घ्या. त्यात पहिलं वर्ष फक्त फिक्स्चर डिझाइन आणि सायकल टाइम. कोटेशन दुसऱ्या वर्षी. बाकी दिवस घरचे, मित्रांचे, तालमीचे. तब्येत आणि माणसं यांना आराखड्यात जागा नसेल तर असा आराखडा चार महिन्यांत मोडतो.

पैशाचं थोडं, पण काळजीपूर्वक. नोकरी बदलताना पीएफ काढू नका, नव्या कंपनीकडे ट्रान्सफर करा. पीएफमधल्या पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची नोकरी लागते, आणि तुमची सहा झालीत; पैसे काढले की ही मोजणी तुटू शकते. पाच वर्षं सलग पूर्ण झाल्यामुळे तुम्ही ग्रॅच्युइटीला पात्र आहात : शेवटच्या मूळ पगार अधिक महागाई भत्त्यावर, प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचा पगार. राजीनामा देताना तो अर्ज लक्षात ठेवून भरा, अनेक मुलं भरत नाहीत. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय कुठलंही मोठं पाऊल नको. कर्ज घेण्याआधी टर्म इन्शुरन्स आणि आई-वडिलांसह आरोग्य विमा. उसाचं बिल सोसायटीचं पीककर्ज वजा होऊन जेवढं खात्यावर येतं, त्यातला ठरलेला वाटा त्याच आठवड्यात ठेवीत टाका; महिनाभर खात्यावर राहिलं तर ते घरात कुठे विरघळतं ते कळत नाही. महिन्याला १२ हजार आणि बिलातला वाटा धरला तर १२ लाखांचा आकडा पाच-सहा वर्षांत गाठता येतो.

घर नंतर. हे मी ठामपणे सांगतो, कारण घराचा हप्ता आणि मशीनचा हप्ता एकाच वेळी एका पगारातून किंवा एका नव्या धंद्यातून निघत नाहीत. जुन्या घराची आत्ता डागडुजी करा, गळणारं छप्पर आणि संडास-बाथरूम नीट करा, म्हणजे आई-वडिलांना आणि उद्या लग्न होऊन येणाऱ्या मुलीला त्रास नको. मोठं बांधकाम मशीनचं कर्ज फिटत आल्यावर. फक्त तुमचं घर पुराच्या पट्ट्यात असेल तर क्रम बदलेल, तिथे सुरक्षित घर आधी.

लग्नाबद्दल लोक करिअरच्या सल्ल्यात बोलायचं टाळतात. दहा वर्षांच्या आराखड्यावर त्याच्याइतका परिणाम करणारी दुसरी गोष्ट नाही. तुम्हाला लग्न करायचं असेल तर खुशाल करा, मशीन शॉपसाठी ते पाच वर्षं लांबवायची गरज नाही. पण बघण्याच्या कार्यक्रमातच, मोठ्या माणसांसमोर नाही तर दोघांना बोलायला दिलेल्या वेळात, हे सांगा : मी तीन-चार वर्षं पुण्यात असेन, मग परत येणार आहे, त्यानंतर कर्ज काढून धंदा सुरू करणार आहे, आणि पहिली दोन वर्षं पैसे कमी असतील. तिचं शिक्षण, तिची नोकरी, तिला कुठे राहायचंय हेही विचारा. तिचीही दहा वर्षं आहेत. आराखडा दोघांचा झाला की घरात एक स्थिर पगारही असू शकतो, आणि वरच्या गणितातले ३५ हजार कमी होतात. लग्नाचा खर्च मात्र आटोपशीर ठेवा. हॉल, मंडप आणि मानपानावर गेलेले चार लाख म्हणजे तुमचं खेळतं भांडवल आहे.

वडील म्हणतात हातातली नोकरी सोडू नको, असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना आकडे दाखवा. दोन एकरांवर ज्यांनी घर चालवलं त्यांना हिशोब समजत नाही असं नसतं. राजीनामा कुठल्या अटी पूर्ण झाल्यावर देणार, हे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा : १२ लाख जमा, दोन पार्ट्यांचा शब्द, सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा. माझा अनुभव असा की अटी लिहिलेल्या दिसल्या की घरच्यांचा निम्मा विरोध मावळतो, आणि उरलेल्या निम्म्यात ऐकण्यासारखं काहीतरी असतं.

वेळापत्रकात मोकळीक ठेवा. पॅटर्न (ओतकामाचा नमुना) करताना आपण श्रिंकेज अलाउन्स, म्हणजे आकसण्याची सूट, धरतोच, धातू आकसणार हे माहीत असतं म्हणून. वर्षांचंही तसंच धरा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक दिवसचे दिवस बंद राहिली. त्या दिवसांतही बँकेचा हप्ता तारखेला कापला गेला. आजारपण, मंदी, एखाद्या मोठ्या ग्राहकाची ऑर्डर बंद होणं, यांतलं काहीतरी दहा वर्षांत येणारच. म्हणून पाच वर्षांत होईल असं वाटतं ते सहा-सातमध्ये लिहा.

आणि वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला, हा कागद उघडून बसा. बघायचं एवढंच : शिकायचं ठरवलं ते येतं का, बचत ठरलेल्या रेषेवर आहे का, आणि हे काम मला अजून हवंय का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सलग दोन वेळा नाही आलं तर मशीन शॉप सोडून द्या आणि त्याचा अपमान वाटून घेऊ नका. सप्लायर क्वालिटीत वाढत जाऊन चांगलं आयुष्य घडवलेली माणसं आहेत, आणि १२ लाखांची बचत व शिकलेलं फिक्स्चर डिझाइन कुठेही वाया जात नाही. मला जी गोष्ट खटकते ती वेगळी : काहीच न ठरवता पस्तिशी येणं आणि मग कोणाच्या तरी सांगण्यावरून एका रात्रीत मशीन बुक करणं.

तर तुमच्या मुलाखतीचं. जा. पगाराआधी तीन गोष्टी विचारा : माझ्याकडे किती व्हेंडर असतील आणि त्यात मशिनिंगवाले किती, प्रोसेस ऑडिट (व्हेंडरच्या कामाच्या पद्धतीची तपासणी) मी स्वतः करणार की फक्त रिजेक्शनचे रिपोर्ट जमवणार, आणि नव्या पार्टच्या डेव्हलपमेंटमध्ये मला बसवणार का. पहिल्या प्रश्नात मशिनिंगवाले बऱ्यापैकी असतील आणि बाकी दोन्हींना हो असेल, तर ४५ ऐवजी ४२ मिळाले तरी घ्या. नुसतं टेबलावर बसून रिपोर्ट जमवायचं काम असेल तर ५० ला सुद्धा नको. त्यापेक्षा शिरोलीतच राहून तुमच्या कंपनीच्या मशीन शॉपमध्ये बदली मागा.

मुलाखत झाली की त्यांनी काय सांगितलं ते लिहा. सोबत घरावरचं एकूण कर्ज आणि मागच्या दोन हंगामांत उसाचं हातात आलेलं बिल कळवा. त्यावरून वरच्या गणितात तुमचे आकडे बसवून देतो.